मुंगीसारखी दिसणारी, पंख हलवत फिरणारी बारीक काळी माशी - ही नक्की कोण?

हिरवीपाती

नमस्कार मंडळी, कीटकांवरचे जुने धागे चाळले पण हवं ते सापडलं नाही म्हणून नवीन धागा काढतेय. ताज्या शेणाच्या आसपासच्या गवतावर आणि कंपोस्टच्या ढिगाजवळच्या पानांवर एक अगदी बारीक, चकचकीत काळा किडा दिसतो, लांबी जेमतेम ४ मिमी असेल, डोकं गोल, कंबर एकदम बारीक, लांबून बघितलं तर पंख फुटलेली मुंगीच वाटते. पण चालताना हा सारखे पंख हलवत असतो, एकदा डावा बाहेर, एकदा उजवा बाहेर, मधेच दोन्ही, आणि उडत मात्र नाही. पंखाच्या टोकाजवळ एकेक काळा ठिपका पण आहे, तो हलताना अगदी उठून दिसतो.

तर प्रश्न असे की ही मुंगी आहे की माशी? चावते का? पंख का हलवते? आणि शेणावर बसते म्हणजे घरात आली तर काळजी करायची का? मोबाईलने फोटो काढले पण सगळे हललेत, त्यामुळे वर्णनावरच भागवून घ्या प्लीज.

सहापायी

ताई, फोटोची गरजच नाही, वर्णन इतकं नेमकं आहे की कुळ लगेच कळतं. ही माशीच आहे, सेप्सिडी नावाच्या कुळातली. ठिपका आणि पंख हलवण्याची सवय बघता सेप्सिस या प्रजातीतली (प्रजाती म्हणजे जीनस, एकेका प्रजातीत अनेक जाती येतात) असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, कारण शेणावर सर्रास दिसणाऱ्या यातल्याच असतात. पुढची जात सांगायला मात्र नराचे पुढचे पाय सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात, त्यावर खाली लिहितो.

आधी मुंगी का नाही ते. पंखवाल्या मुंगीला चार पंख असतात, पुढचे मोठे आणि मागचे छोटे, हिला दोनच. मागच्या पंखांच्या जागी दोन इवलेसे दांडे असतात, टोकाला गाठ असलेले, उडताना तोल सांभाळायला (सगळ्या माश्या आणि डासांना असतात ते). मुंगीच्या मिशा लांब आणि कोपरात वाकवल्यासारख्या, हिच्या मिशा इतक्या आखूड की साध्या डोळ्यांना दिसतच नाहीत, भिंगातून बघितलं तर छोटं बोंडुक आणि त्यातून निघालेला एक केस एवढंच. आणि डोळे बघा, माशीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजू व्यापून असतात. कंबर बारीक आहे ती पोटाचा सुरुवातीचा भाग आवळलेला असल्यामुळे, त्यामुळेच सगळ्यांना मुंगीचा भास होतो.

या कुळात जगभरात ३०० हून जास्त जाती नोंदलेल्या आहेत, अंटार्क्टिका सोडला तर सगळ्या खंडांवर सापडतात. बहुतेक २ ते ६ मिमीच्या आत. यातली सेप्सिस सायनिप्सिया ही जात तर लिनियसने १७५८ मध्येच नोंदवली होती, तेव्हा ती सरळ घरमाशीच्याच प्रजातीत टाकली होती, सेप्सिस ही वेगळी प्रजाती फालेनने १८१० मध्ये केली.

चावत नाही. चावायला तोंडच नाही, स्पंजसारखं टोक असलेली सोंड आहे, तिने शेणातला ओलावा, फुलातला मध असलं पातळ काहीतरी टिपते. घरमाशीसारखी ताटावर घोंघावायची सवय हिला नाही, तिचं सगळं आयुष्य शेण आणि कुजणाऱ्या गोष्टींभोवती जातं. पण पायाला शेण लागलेलं असतंच ना, तेव्हा उघड्या अन्नावर बसली तर इतर माशीला लावतो तोच नियम हिलाही, अन्न झाकून ठेवायचं. त्यापलीकडे घाबरण्यासारखं काही नाही. मारू नका एवढीच विनंती, शेण कुजवून मातीत मिसळवणाऱ्या जिवांमधली ही एक आहे.

भिंगवाली

अरे वा, माझ्या आवडीच्या माशीवर धागा! मी मॅक्रो फोटोग्राफी करते आणि सगळ्यात जास्त वेळ मी या कुळावर घालवलाय, त्यामुळे थोडं मोठं लिहिणारे, सांभाळून घ्या.

पंख हलवण्याबद्दल - नर आणि मादी दोघंही हलवतात आणि आसपास कोणी नसतानाही हलवतात, म्हणजे फक्त जोडीदाराला खुणावणं एवढाच हेतू धरता येत नाही. पण दोन माश्या समोरासमोर आल्या की हालचाल बदलते हे नक्की, वेग वाढतो, कधी दोन्ही पंख एकदम ताठ बाहेर जातात. ठिपका सगळ्या जातींना नसतो हेही लक्षात ठेवा, बिनठिपक्याच्या जातीसुद्धा पंख हलवतातच.

पण हिरवीपाती, मी तुला सांगेन की पंखांवरून नजर काढ आणि नराचे पुढचे पाय बघ. दहापट भिंग असलं की पुरे. मादीचे पुढचे पाय साधे सरळ असतात आणि नराच्या पुढच्या मांडीवर मात्र खाचा, काटे, उंचवटे असं बरंच काही असतं आणि नडगीवर त्याला जुळणारा बाक असतो. मांडी आणि नडगी मिटली की चिमटा तयार होतो, आणि या चिमट्यात नर मादीच्या पंखाचं बूड पकडतो, पुढच्या कडेची जाड शीर असते ना तिथेच. काटे किती, कुठे, खाच किती खोल हे प्रत्येक जातीत वेगळं, म्हणून तर सहापायी म्हणतात तसं जात ओळखायला नराचा पाय लागतो. नुसती मादी हातात असेल तर तज्ज्ञसुद्धा बऱ्याचदा डीएनए तपासायला सांगतात.

मला यातलं सगळ्यात विलक्षण काय वाटतं माहितीये, नराचे पाय जातीगणिक एवढे बदललेत आणि मादीचा पंख जिथे पकडला जातो तिथे मात्र त्याला जुळणारा असा काही ठळक बदल बहुतेक जातींत दिसत नाही. म्हणजे कुलूप-किल्लीचा हिशोब इथे लागू पडत नाही. मध्य अमेरिकेतल्या आर्किसेप्सिस आणि मायक्रोसेप्सिस या प्रजातींवर विल्यम एबरहार्ड यांनी बारकाईने काम केलंय, त्यांचा रोख असा की मादीला त्या पकडीतून काहीतरी जाणवतं आणि त्यावर तिचा होकार-नकार ठरतो.

हिरवीपाती

बापरे, एवढं सगळं त्या ४ मिमीच्या जीवात! दोघांचेही खूप आभार. आता माझ्या लक्षात आलं की मी जोड्या पाहिल्यात. शेणावर एक माशी दुसरीच्या पाठीवर बसलेली असते आणि खालची आपली इकडेतिकडे चालत पोटाचं टोक शेणात खुपसत असते. वरचा काही करत नाही, नुसता बसून असतो. मग थोड्या वेळाने खालची अंग असं जोरजोरात झटकते की मला वाटलं तिला काहीतरी त्रास होतोय. हे मिलन आहे का? आणि तसं असेल तर अंडी घालताना तो पाठीवर कशाला?

सहापायी

तुम्ही जे पाहिलंत त्यावर कित्येक वर्षं संशोधन झालंय ताई, मुख्यतः सेप्सिस सायनिप्सिया या जातीवर, युरोपातल्या गाईंच्या कुरणांमध्ये. क्रम असा आहे.

शेणाचा पो पडला की थोड्याच वेळात नर येऊन आजूबाजूच्या गवतावर आणि शेणावर दबा धरून बसतात. माद्या एकेक करून अंडी घालायला येतात आणि नर संख्येने कितीतरी जास्त असतात. मादी आली की पहिला गाठेल तो नर पाठीवर चढतो, पंख पकडतो आणि ती अंडी घालत असेपर्यंत तिथेच बसून राहतो. या वेळात मिलन होत नाही, ती नुसती राखण असते. बाकीचे नर येऊन धडकत असतात, त्यांना हा दूर ठेवतो. अंडी घालून झाली की मादी त्याला पाठीवर घेऊनच शेणावरून गवतात जाते आणि मिलन झालंच तर तिथे होतं.

झालंच तर, असं मुद्दाम लिहिलंय. कारण बऱ्याच वेळा होतच नाही. तुम्ही पाहिलेलं अंग झटकणं म्हणजे मादीचा नकार. नर पकडून ठेवू शकतो पण तिच्या सहकार्याशिवाय मिलन करू शकत नाही, आणि ती पुरेसा वेळ झटकत राहिली की त्याला उतरावं लागतं. तिला नको असण्याला कारणही आहे, या जातीच्या नराच्या जननांगावर काटे असतात आणि मिलनात मादीला आतून जखमा होतात हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्लांकेनहॉर्न आणि सहकाऱ्यांच्या कामात दाखवलंय. म्हणजे जितकी जास्त मिलनं तितका तिच्या शरीराला धोका.

निरागस_शंका

मी फक्त वाचत होते पण इथे अडले. अंडी घालून झाल्यावर मिलन करून नराला काय मिळणार? ती अंडी तर घालून झाली, ती कोणाची होती मग?

सहापायी

अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. शेणावर येणाऱ्या बहुतेक माद्यांचं आधी मिलन झालेलं असतं आणि त्या नराचे शुक्रजंतू त्यांनी पोटातल्या पिशव्यांमध्ये साठवलेले असतात. आत्ता घातलेली अंडी त्यावर फळलेली. पाठीवरच्या नराला आत्ताच्या अंड्यांतून काही मिळत नाही, तो राखण करतो ती पुढच्या खेपेसाठी. मादीला अंड्यांची नवीन तुकडी तयार करायला काही दिवस लागतात आणि त्या तुकडीत आपला वाटा असावा म्हणून ही सगळी मेहनत, तीही ऐनवेळी नकार मिळू शकतो हे गृहीत धरून. बाकी नरांची झोंबाझोंबी टळते हा मादीचा फायदा.

यावर २००३ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आलेलं मार्टिन आणि हॉस्केन यांचं काम वाचण्यासारखं आहे. त्यांनी याच माशीचे वेगवेगळे गट ३० हून जास्त पिढ्या वाढवले, काही गटांत एक नर एक मादी अशा जोड्या ठेवल्या आणि काही गटांत नर-माद्यांची गर्दी. गर्दीतल्या माद्या पुढे मिलनाला जास्त नाखूष झाल्या, आणि आपल्या गटापेक्षा दुसऱ्या गटातल्या नरांना त्यांचा विरोध आणखी जास्त होता. नर-मादीतल्या ओढाताणीतून दोन गट एकमेकांपासून तुटत जाऊ शकतात, नवीन जाती बनण्याची सुरुवात अशीही होऊ शकते, याचा हा प्रयोगातून मिळालेला पुरावा होता.

भिंगवाली

यात एक भर घालते कारण सायनिप्सियावरून सगळ्या कुळाचा अंदाज बांधला जाईल. सेप्सिस पंक्टम नावाची जात युरोपातही आहे आणि उत्तर अमेरिकेतही. युरोपात नर मादीपेक्षा मोठे, एकमेकांशी मारामारी करणारे. उत्तर अमेरिकेत मादी मोठी, आणि नर चढण्याआधी मादीसमोर हावभाव करतात. एकच जात आणि दोन खंडांवर दोन तऱ्हा! सिंगापूरहून पुनियामूर्ती आणि मायर यांच्या चमूने या कुळातल्या कितीतरी जातींच्या मिलनाचे व्हिडिओ काढून तुलना केलीये, त्यातलंच हे एक.

आणि थेमिरा प्रजातीतले काही नर तर अजून पुढचे. त्यांच्या पोटाच्या खालच्या बाजूला दोन हलवता येणारे अवयव असतात, टोकाला लांब केसांचे झुपके, मिलनाच्या वेळी नर त्या झुपक्यांनी मादीच्या पोटाला स्पर्श करत राहतो. प्रौढ कीटकाच्या पोटावर जननांग सोडून असा हलता अवयव सहसा नसतोच, पाय असतात ते छातीला. अभ्यासातून असं दिसतं की या कुळाच्या इतिहासात हा अवयव एकदा आला, काही शाखांत गेला आणि नंतर परतही आला. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस डोक्यातून जात नव्हतं.

गोठेकरी

नमस्कार, मी जनावरं सांभाळतो, शास्त्र फार कळत नाही पण शेण रोज बघतो. या बारीक काळ्या माश्या मला चांगल्या माहीत आहेत, शेण पडलं की येतात आणि वर साय धरली की जातात. माझं एक निरीक्षण आहे, ते बरोबर की चूक ते जाणकारांनी सांगावं. जंताचं इंजेक्शन दिल्यावर पुढचे काही आठवडे शेणावर माश्या बसतात, पण फोडून बघितलं तर आत अळी दिसत नाही, नाहीतर वळवळ असते. शिवाय ते शेण लवकर मोडत नाही असंही वाटतं. याचा संबंध आहे का?

सहापायी

दादा, संबंध आहे आणि तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे. इंजेक्शन आयव्हरमेक्टिन गटातलं असेल तर हे असंच होतं. त्या औषधाचा बराच मोठा भाग जनावराच्या अंगात न मोडता शेणातून बाहेर पडतो, आणि जंत मारणारं औषध माशीच्या अळीलाही मारतं कारण दोघांच्या नसा-स्नायूंवर ते सारख्याच पद्धतीने काम करतं. सेप्सिस माश्यांच्या अळ्या याला फार नाजूक आहेत, अगदी थोड्या प्रमाणातही वाढ अडते किंवा कोषातून माशी बाहेरच येत नाही. मोठ्या माशीला मात्र शेणातला फरक कळून ती दूर राहते असं नाही, ती तिथेच अंडी घालत राहते. तुम्हाला माश्या दिसतात आणि अळ्या दिसत नाहीत त्याचं कारण हे.

शेण मोडायला उशीर होण्याबद्दल वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे निकाल आलेत, पाऊस, ऊन, शेणकिडे, गांडुळं अशा बऱ्याच गोष्टी त्यात असतात. पण शेणातल्या माश्या आणि भुंगेरे कमी होतात यात वाद नाही.

औषध बंद करा असं मी अजिबात म्हणणार नाही, जंत झालेल्या जनावराला ते लागतंच. फक्त सगळ्या कळपाला ठराविक तारखेला सरसकट देण्याआधी शेणाची तपासणी करून ज्याला गरज आहे त्यालाच द्यायचं का हे तुमच्या पशुवैद्यांना विचारून बघा, जंतांनी औषधाला दाद न देणं टाळायलाही त्याचा उपयोग होतो.

गोठेकरी

पटलं, विचारतो. तपासणी करता येते हे माहीत होतं पण त्याचा माश्यांशी संबंध कधी जोडला नव्हता. अळी आत श्वास कसा घेते मग, ओलं शेण म्हणजे आत हवा कुठे?

भिंगवाली

हे मी सांगते कारण हे बघायला फार सुंदर आहे. मादी अंडं शेणात खुपसते पण प्रत्येक अंड्याच्या एका टोकाला लांब पांढरा धागा असतो, तो वर हवेत राहतो, अंडं त्यातून श्वास घेतं. ताज्या शेणाच्या कडेला, एखाद्या भेगेत तिरप्या उजेडात भिंग धरलंत तर असे बारीक पांढरे धागे उभे दिसतील. साय धरायच्या आत माद्या घाई का करतात तेही यावरून कळेल, वरचा थर वाळला की पोटाचं टोक आत जात नाही.

अंडं साधारण दिवसभरात फुटतं. अळीला पाय नाहीत, डोकंही धड दिसत नाही, रंगाने पांढरी, मागच्या टोकाला श्वासाची छिद्रं, ती पृष्ठभागाजवळ ठेवून पुढचं तोंड शेणात. खाते ते मुख्यतः शेणाच्या पातळ भागातले जिवाणू. दोनदा कात टाकते, मग वाळत आलेल्या थरात किंवा खालच्या मातीत कोष करते. हवा उबदार असेल तर अंड्यापासून माशीपर्यंत दोन-तीन आठवडे, थंडीत जास्त. या काळात भुंगेरे खातात, परजीवी गांधीलमाश्या आत अंडी घालतात, आणि शेणावर फिरणाऱ्या मोठ्या पिवळ्या केसाळ माश्या तर प्रौढ सेप्सिसलाच पकडून खातात.

निरागस_शंका

अजून एक विचारू का? मी एकदा एका झुडपावर अशाच बारीक काळ्या माश्या हजारोंनी बघितल्या होत्या, शेण आसपास कुठेच नव्हतं, सगळ्या पंख हलवत होत्या आणि एक विचित्र वास येत होता. ह्याच का? आणि मुंगीसारखं दिसून काही फायदा होतो का हो त्यांना?

सहापायी

याच असणार. सेप्सिस फुल्गेन्स या जातीचे असे थवे युरोपात प्रसिद्ध आहेत, उन्हाळा संपता संपता एखाद्या झुडपावर किंवा गवताच्या पट्ट्यावर हजारोंनी जमतात आणि दिवसेंदिवस तिथेच राहतात. त्यात मिलन फारसं चाललेलं नसतं, अंडी तर नाहीच. वास त्या माश्यांचाच. या कुळातल्या बऱ्याच नरांच्या मागच्या नडगीवर गंध सोडणारी ग्रंथी असते तीही वेगळी आहेच, पण थव्यात नर-मादी दोघंही असतात.

मुंगीबद्दल, मुंग्या चावतात आणि आम्ल सोडतात म्हणून बरेच पक्षी आणि कोळी त्यांना टाळतात, त्यामुळे मुंगीसारखं दिसणाऱ्याचा जीव वाचू शकतो हा तर्क रास्त आहे. पण नाचऱ्या कोळ्यांसमोर ही माशी ठेवून कोण फसतो कोण नाही हे पाहिल्याशिवाय मी त्यावर पैज लावणार नाही. शेणावर दिवसाढवळ्या पंख नाचवत फिरणं आणि मुंगी असल्याचं सोंग, या दोन गोष्टी मला तरी एकत्र बसवता येत नाहीत.

भिंगवाली

मला बसवता येतात. मुंगी चालताना मिशा सतत हलवते, ठिपकेवाला पंख पुढे-मागे झाला की लांबून तसाच भास होतो. तुमचं-माझं यावर एकमत व्हायचं नाही, पण हिरवीपातीने स्वतः बघून ठरवावं.

हिरवीपाती

बघणारच आहे. घरी वाढवून बघता येईल का? म्हणजे कोषातून बाहेर येताना बघायचंय.

भिंगवाली

येईल, आणि अवघड नाही. माद्या अंडी घालताना दिसल्या की त्या जागेचं मूठभर शेण उचल, रुंद तोंडाच्या डब्यात खाली ओलसर माती घालून त्यावर ठेव, तोंडाला बारीक विणीचं कापड घट्ट बांध. सावलीत ठेव, बंद प्लास्टिकचं झाकण नको, आत पाणी सुटून अळ्या गुदमरतात. वाळायला लागलं तर पाण्याचे दोन-चार थेंब. माश्या बाहेर आल्या की कापसाचा बोळा साखरेच्या पाण्यात बुडवून आत ठेव. फोटोसाठी डबा काही मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला तर माश्या मंदावतात, पुन्हा उबेत आल्या की चालायला लागतात, तेवढ्या वेळात पुढच्या पायांचे फोटो काढून घे आणि इथे टाक, जात ओळखायचा प्रयत्न करू.

गोठेकरी

ताई, शेण घेताना जनावराला नुकतं जंताचं औषध दिलंय का ते आधी विचारून घ्या. दिलं असेल तर दुसरीकडचं घ्या, नाहीतर डबा सांभाळत बसाल आणि आतून काहीच निघणार नाही.